डोळे मिटल्यावर चित्र दिसत नसेल तर

कल्पनाचित्रांवर आधारलेले ध्यान करताना डोळ्यांपुढे नुसता अंधारच राहतो, म्हणून अनेक साधक स्वतःच्या एकाग्रतेला दोष देतात. तो बहुधा अनाठायी असतो. मनात चित्र उमटवण्याची क्षमता माणसागणिक वेगळी असते, हे ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० मध्येच नोंदवले होते, आणि ती मुळीच नसण्याच्या अवस्थेला २०१५ मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ अ‍ॅडम झेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अफँटेझिया’ हे नाव दिले.

म्हणून प्रथम ‘दिसलेच पाहिजे’ हा आग्रह सोडावा. समुद्रकिनारा कल्पायला सांगितले असेल, तर लाटांची गाज, तळपायाखालची ओली वाळू किंवा वाऱ्याचा गारवा आठवावा. आपण तिथे आहोत एवढी जाणीवही पुरते. चित्रच हवे असल्यास झाडाचे एखादे पान अर्धा मिनिट निरखावे, मग डोळे मिटून त्याच्या कडा, शिरा, रंग यांपैकी जे आठवेल तेवढेच मनात धरावे आणि ते पुसट झाले की पुन्हा पानाकडे पाहावे. (येथे परीक्षा कोणी घेत नाही.) आरंभी पाच मिनिटे पुरेत.

तरीही ताण वाढतच असेल, तर सरळ श्वासाकडे वळावे, कारण सजगतेच्या साधनेला चित्राची अट नाही. नको असलेली दृश्ये मनात उसळू लागल्यास मात्र डोळे उघडून सराव तेवढ्यावरच थांबवावा.