चेहरा नसलेला आर्चबिशप: गजांतून आलेले हात तैलरंगात

फ्रेंच चित्रकार पॉल दलारोशच्या १८३६ च्या चित्रात कँटरबरीचा आर्चबिशप विल्यम लॉड कैदेत आहे, पण त्याचा चेहराच दिसत नाही. टॉवर ऑफ लंडनच्या गजांतून आशीर्वादासाठी फक्त हात बाहेर आलेत, आणि खाली शिरच्छेदाला निघालेला राजा चार्ल्सचा मंत्री अर्ल ऑफ स्ट्रॅफर्ड गुडघे टेकून आहे. तो दिवस १२ मे १६४१. लॉडच्या चर्चविषयक धोरणांवर संतापलेल्या प्युरिटनांचा, म्हणजे कट्टर प्रोटेस्टंटांचा, संसदेत जोर होता. लॉडचाही शिरच्छेद पुढे १६४५ मध्ये झाला. सरावासाठी अख्खे चित्र घेऊ नका, हात आणि खिडकी एवढाच तुकडा ४५ × ६० सेंमी कॅनव्हासवर पुरे.

लॉड तेव्हा ६७ वर्षांचा होता, म्हणून मॉडेल साठीच्या पुढचेच हवे. तरुण हात घेतले की चित्र नाटकी होते. घराच्याच खिडकीच्या गजांतून कोपरापर्यंत हात बाहेर काढायला सांगा आणि आपण अंगणात खाली बसून बघा. हात फार वेळ खाली लोंबू दिले तर रक्त उतरून शिरा फुगतात आणि रंग तांबूस होतो. तीन-चार मिनिटांनी हात वर घ्यायला लावा. शिरा निळ्या रंगवू नका. शेजारच्या कातडीच्या रंगात किंचित करडा मिसळला तरी त्या निळसर भासतात.

सर्वांत जास्त चूक सावलीत होते. उजेड बाहेरून येतो, त्यामुळे गजांची सावली बाहेर आलेल्या पंजावर पडत नाही, ती आतल्या बाहीवर पडते. पंजावर पट्टे ओढले की हात आतच अडकलेले दिसतात. आणखी एक: आपल्या डोळ्यांना तांबड्या चिऱ्याची सवय असते, म्हणून भिंत नकळत तांबूस होते. टॉवरचा दगड फिकट करडा आहे. पांढऱ्यात रॉ अंबर (मातकट तपकिरी) आणि चिमूटभर अल्ट्रामरीन (गडद निळा) घातले की जमते.

कॅनव्हासला जेसोचे (रंगाआधीच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन पातळ थर द्या, दोन्हींमध्ये बारीक पॉलिश पेपर फिरवा. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) फासून फडक्याने पुसा. कोठडीच्या अंधारासाठी खाली आयव्हरी ब्लॅक लावू नका. तो फार सावकाश वाळतो, वरचा थर आधी वाळून आक्रसतो आणि भेगा पडतात. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिळून होणारा काळोख लवकर वाळतो आणि खोलही दिसतो. पहिल्या थरात तेल जवळजवळ नकोच. जवसाचे तेल पुढच्या थरांत थोडेथोडे वाढवत जा, उलट केले तर पुन्हा भेगाच.

गोव्यात जून ते सप्टेंबर तैलरंग वाळायला वेळ लागतो. बोटाला चिकटत असेल तर पुढचा थर थांबवा. चतुर्थीपर्यंत संपवायची घाई करणाऱ्यांचे चित्र हमखास बिघडते. दमट हवेत वार्निशवर पांढुरके धुके धरते, म्हणून वार्निश डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दुपारी द्या, तेही शेवटचा थर वाळून निदान सहा महिने झाल्यावर. चित्र ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावूच नका. नाइलाज असेल तर चौकटीच्या चारही कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते. पावसात कॅनव्हास सैल पडला तर तो ताणायच्या मागच्या पाचरी लगेच ठोकू नका. हवा कोरडी झाली की तो बहुधा आपसूक ताणला जातो, आणि आधीच ठोकलेला मात्र कोपऱ्यात फाटू शकतो.