फौंड्री, विद्यापीठ आणि शासन: त्रिपक्षीय संशोधन प्रकल्प कसा उभारावा

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत लोखंडाचे ओतकाम करणाऱ्या शेकडो फौंड्र्या आहेत आणि पंपापासून ट्रॅक्टरपर्यंत अनेक यंत्रांची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, तेथून देशभर जातात. याच परिसरात १९६२ साली स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ आहे, शेजारी सांगलीत १९४७ पासूनचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि गेल्या चाळीस वर्षांत उभी राहिलेली इतरही अनेक महाविद्यालये आहेत. तरीही बहुतेक ठिकाणी कारखाना आणि महाविद्यालय यांचा संबंध विद्यार्थ्यांच्या एका औद्योगिक सहलीपलीकडे जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते. फौंड्रीसारख्या उद्योगाबरोबर आणि शासनाच्या अर्थसाहाय्यातून संशोधन करू इच्छिणाऱ्या तरुण प्राध्यापकांसाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्यावी. असे प्रकल्प बुद्धी कमी पडल्याने क्वचितच फसतात. ते फसतात ते तिन्ही भागीदारांची कालगणना वेगळी असल्यामुळे. कारखान्याला या महिन्यातील डिस्पॅच दिसतो, शासनाचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि विद्यापीठ सत्रांत व पदव्यांत मोजते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात. सहा वर्षे वाट पाहण्याची कोणत्याही कारखानदाराची तयारी नसते आणि ती असावी अशी अपेक्षाही रास्त नाही. म्हणून प्रकल्पाची आखणी करताना तिन्ही वेळापत्रके एका मोठ्या कागदावर शेजारी शेजारी मांडावीत आणि कारखान्याला सहा महिन्यांत हाती काय लागेल, शासनाला मार्चपूर्वी काय दाखवता येईल आणि विद्यार्थ्याच्या प्रबंधाचे कोणते प्रकरण केव्हा पूर्ण होईल, हे त्यावर लिहून काढावे. जे काम यांपैकी एकाही रकान्यात बसत नाही, ते प्रस्तावातून काढून टाकावे.

प्रश्न कोठून घ्यावा? आंतरराष्ट्रीय नियतकालिकातून घेऊ नये आणि मालकाच्या केबिनमध्ये बसूनही घेऊ नये. मालक जो प्रश्न सांगतात तो खरा असतोच, पण तो बहुधा खर्चाच्या भाषेत असतो. अभियांत्रिकीचा प्रश्न शॉप फ्लोअरवर सापडतो. फौंड्रीत गेल्यावर रिजेक्शन रजिस्टर मागावे. पाळीप्रमाणे, पार्टप्रमाणे किती नग बाद झाले आणि कोणत्या दोषामुळे झाले, याची नोंद सुपरवायझरच्या हस्ताक्षरात तेथे असते: ब्लो होल (वायूमुळे पडलेली पोकळी), सँड ड्रॉप (साच्यातील वाळू ढासळणे), मिसमॅच (साच्याचे दोन भाग न जुळणे), कोल्ड शट (धातूचे प्रवाह एकजीव न होणे). किमान एका वर्षाच्या नोंदी विद्यार्थ्याने बसून संगणकात उतरवाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्यातूनच प्रश्न दिसू लागतो. उदाहरणार्थ, ब्लो होलचे प्रमाण पाळीच्या उत्तरार्धात वाढत असेल, तर शंका परत येणाऱ्या वाळूच्या तापमानाकडे जाते. ओतकामानंतर साच्यातून मोकळी झालेली वाळू पुरेशी थंड न होता पुन्हा मिक्सरमध्ये आली, की तिच्यातील पाणी वाटेतच उडते, बेंटोनाइटची, म्हणजे वाळू बांधून ठेवणाऱ्या मातीची, पकड ढळते आणि सकाळी व्यवस्थित असलेली वाळू दुपारी तशी राहत नाही.

येथे नमुना घेण्याची पद्धत फार महत्त्वाची ठरते. मिक्सरच्या तोंडाशी घेतलेली वाळू आणि मोल्डिंग मशीनच्या हॉपरमधून घेतलेली वाळू यांच्या ओलाव्यात फरक असू शकतो, म्हणून दोन्हीकडचे नमुने घ्यावेत. ते हवाबंद पिशवीत भरावेत आणि पिशवीवर वेळ, तापमान व पार्टचे नाव लिहावे. ओलावा, कॉम्पॅक्टिबिलिटी (दाबल्यावर वाळू किती बसते), पर्मिएबिलिटी (वाळूतून वायू किती सहज जातो) आणि ग्रीन स्ट्रेंग्थ (ओल्या वाळूची ताकद) या चाचण्या शक्यतो कारखान्याच्याच सँड लॅबमध्ये लगेच कराव्यात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेपर्यंत उघड्या डब्यातून नेलेल्या वाळूचे आकडे सुबक आलेखात मांडता येतात, पण ते त्या साच्याविषयी काहीही सांगत नाहीत. प्राथमिक अभ्यासाचे असे तीन-चार महिने कोणत्याही अनुदानाशिवाय करावेत, असे माझे ठाम मत आहे. त्यातून हाती आलेले आकडे हाच प्रस्तावाचा सर्वांत भक्कम भाग असतो आणि या काळात दोन्ही बाजूंना एकमेकांचा स्वभावही कळतो.

त्यानंतर शासनाकडे वळावे. केंद्राच्या उच्चतर आविष्कार योजनेत, जी २०१५ मध्ये आयआयटींसाठी आखली गेली, खर्चाची वाटणी मनुष्यबळ विकास मंत्रालय (आताचे शिक्षण मंत्रालय) ५० टक्के, संबंधित मंत्रालय २५ टक्के आणि उद्योग २५ टक्के अशी होती. योजना बदलतात, नावे बदलतात, पण उद्योगाने स्वतःचे काही पैसे घालावेत हे तत्त्व बहुतेक ठिकाणी कायम आहे आणि ते योग्यच आहे, कारण ज्याचे पैसे गुंतले आहेत तो बैठकीला येतो. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये पूर्वीचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ सामावले गेले, त्यामुळे केंद्रीय अर्थसाहाय्यासाठी आता तेथील योजना पाहाव्यात. राज्य पातळीवर राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या योजनाही तपासाव्यात. मात्र शासनाकडे केवळ पैसे देणारा म्हणून पाहणे चुकीचे आहे. वापरलेल्या वाळूपासून पेव्हर ब्लॉक तयार करण्याचा प्रकल्प असेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, पेव्हर ब्लॉकसाठीचे भारतीय मानक आयएस १५६५८ आणि ते ब्लॉक बसवणारी एखादी नगरपालिका या तिन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून विचारात असाव्या लागतात. त्या शेवटी आठवल्या, तर उत्तम ब्लॉक प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणात पडून राहतात.

करारनाम्यावर मी सर्वांत जास्त वेळ द्यायला सांगेन. सामंजस्य करार, म्हणजे एमओयू, हा छायाचित्रासाठी पुरतो. कामासाठी स्वतंत्र प्रकल्प करार लागतो. ‘बौद्धिक संपदा संयुक्त मालकीची राहील’ हे वाक्य दोन्ही बाजूंना न्याय्य वाटते आणि म्हणूनच ते विचार न करता लिहिले जाते. भारतीय पेटंट कायदा, १९७० च्या कलम ५० नुसार, वेगळे काही ठरलेले नसेल तर प्रत्येक सहमालक शोधाचा स्वतःच्या लाभासाठी वापर करू शकतो आणि त्याचा हिशेब दुसऱ्याला द्यावा लागत नाही. मात्र इतरांना परवाना द्यायचा असेल, तर दुसऱ्या सहमालकाची संमती लागते. कारखान्याकडे उत्पादन आहे, विद्यापीठाकडे नाही. म्हणजेच केवळ ‘संयुक्त’ लिहिल्याने विद्यापीठाच्या हाती मालकीचा कागद राहतो आणि व्यवहारात काहीच उरत नाही. त्याऐवजी कारखान्याला त्याच्या क्षेत्रापुरता आणि ठरावीक वर्षांपुरता वापराचा हक्क द्यावा, इतर क्षेत्रांत परवाना देण्याचा अधिकार विद्यापीठाकडे ठेवावा आणि स्वामित्वशुल्काचा दर आधीच लिहून घ्यावा.

प्रकाशनाबद्दलचे कलमही तितकेच जपून लिहावे. माझ्याच मार्गदर्शनाखालील एका विद्यार्थ्याने चांगल्या हेतूने आपले निष्कर्ष एका परिषदेत मांडले आणि पेटंटचा अर्ज त्यानंतर तयार होऊ लागला. पेटंटसाठी शोध आधी जाहीर झालेला नसावा, ही नावीन्याची अट तेथेच अडचणीत आली आणि भागीदार कारखान्याचा विश्वास परत मिळवायला मला फार काळ लागला. दोष विद्यार्थ्याचा नव्हता, कारण करारात क्रम लिहिलेला नव्हता आणि तो लिहून घेणे माझे काम होते. कायद्यात काही मर्यादित सवलती आहेत, पण त्यांच्यावर विसंबू नये. कोणताही लेख पाठवण्यापूर्वी तो कारखान्याला ३० दिवस पाहायला द्यावा, आवश्यक असल्यास त्या काळात प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, पेटंट अर्ज दाखल करावा आणि पूर्ण विनिर्देश (शोधाचे सविस्तर वर्णन) त्यानंतर १२ महिन्यांच्या आत द्यावे. मात्र ३० दिवसांत उत्तर आले नाही तर संमती गृहीत धरली जाईल आणि प्रबंध कोणत्याही कारणाने अडवला जाणार नाही, ही दोन वाक्ये करारात असलीच पाहिजेत. विद्यार्थ्याची पदवी दोन संस्थांच्या मतभेदात अडकणे मला कदापि मान्य नाही.

पैशांचे काम पहिल्याच दिवशी लेखाधिकाऱ्यांना सोबत घेऊन करावे. अनुदानासाठी स्वतंत्र हिशेब ठेवावा. केंद्रीय अनुदानावरील व्याज परत करावे लागते, उपयोगिता प्रमाणपत्र जीएफआर (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) १२-अ नमुन्यात द्यावे लागते आणि ते वेळेत न गेल्यास पुढचा हप्ता थांबतो. १० ऑक्टोबर २०२४ पासून ठरावीक पात्र संस्थांना अनुदानातून करायच्या संशोधन सेवांवर जीएसटीची सूट मिळाली आहे, परंतु सल्ला आणि चाचणी यांचे शुल्क हा वेगळा विषय आहे. त्यामुळे कारखान्याकडून येणारी रक्कम अनुदान आहे की सल्लाशुल्क, हे करारातच स्पष्ट करावे. उपकरणांची खरेदी पहिल्या तिमाहीतच सुरू करावी, नाहीतर निविदा पूर्ण होईपर्यंत मार्च उजाडतो.

काम सुरू झाल्यावर मासिक बैठक महाविद्यालयात न घेता कारखान्यात घ्यावी आणि तिला मालकांइतकेच सँड प्लांटच्या सुपरवायझरनेही बसावे, असा आग्रह धरावा. विद्यार्थ्याला सेफ्टी शूज, चष्मा आणि विमा यांशिवाय ओतकामाजवळ जाऊ देऊ नये. चाचण्यांच्या तारखा ठरवताना वसाहतीची साप्ताहिक सुट्टी, खंडेनवमी व दिवाळीतील बंद आणि पावसाळ्यात वाळूला येणारा ओलावा लक्षात घ्यावा. पावसाळ्याचे आकडे नसलेला वाळूचा अभ्यास अपुरा समजावा.

प्रकल्पाच्या अखेरीस अहवालाबरोबर एक पानही तयार करावे. वाळूचे तापमान इतके झाले तर पाणी किती वाढवायचे, कोणत्या मर्यादेनंतर मिक्सर थांबवायचा आणि कोणाला कळवायचे, हे त्या पानावर मराठीत, मोठ्या अक्षरांत असावे. ते लॅमिनेट करून मिक्सरशेजारी लावावे. प्रकल्पातून घेतलेला सेन्सर पुढे कोणाच्या मालकीचा राहील आणि त्याचे कॅलिब्रेशन कोणी, किती महिन्यांनी करायचे, हे समारोपाच्या पत्रात लिहावे. तीन महिन्यांनी पुन्हा कारखान्यात जाऊन ते पान अजून जागेवर आहे का आणि त्याच पार्टच्या रिजेक्शन रजिस्टरमधील आकडा काय सांगतो, हे स्वतः पाहून यावे.