टीव्हीच्या गाण्याच्या स्पर्धांमधून ब्लूज ऐकायला लागलात? या चुका टाळा

रात्री जेवणं आटोपली की मोबाइलवर एखादी क्लिप समोर येते. मंचावर एक अनोळखी मुलगी, हातात गिटार. पहिल्या ओळीलाच परीक्षकांच्या भुवया वर जातात, शेवटी सगळं सभागृह उभं राहतं. खाली लिहिलेलं असतं, ‘काय ब्लूज गायली!’ आपल्याकडच्या कितीतरी जणांची ब्लूजशी, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या या संगीताशी, पहिली ओळख अशीच झाली आहे, माझीही. यात वाईट काहीच नाही. पण या दारातून आत येताना काही ठरावीक ठिकाणी पाऊल चुकतं आणि मग महिन्याभरात माणूस म्हणतो, ‘सगळी गाणी सारखीच वाटतात हो.’ तिथं गाडी का अडते आणि ती पुढे कशी न्यायची, हे सांगण्यासाठी हा लेख.

घोगरा आवाज म्हणजे ब्लूज नव्हे

सगळ्यात जास्त होणारी चूक ही. आवाज थोडा फाटका, थोडा दुखावलेला असला की गाणं ब्लूजच्या यादीत जातं. 2004 च्या ‘अमेरिकन आयडॉल’मध्ये फँटेशिया बॅरिनोनं मंचावर खाली बसून ‘समरटाइम’ म्हटलं. त्या कार्यक्रमात झालेल्या उत्तम गाण्यांपैकी ते एक आहे, आणि तो सीझन तिनेच जिंकला. पण ‘समरटाइम’ ही संगीतकार जॉर्ज गर्श्विनच्या 1935 च्या ऑपेरातली अंगाई आहे. स्पर्धांमध्ये वरचेवर गायलं जाणारं ‘ॲट लास्ट’ हे गायिका एटा जेम्समुळे सगळ्यांना ब्लूज वाटतं, पण तेही मुळात 1941 चं सिनेमासाठी लिहिलेलं प्रेमगीत. दोन्ही गाण्यांत ब्लूजचा रंग आहे, घडण मात्र वेगळी. ठुमरीच्या अंगानं म्हटलेलं भावगीत आणि ठुमरी यांत जो फरक, तोच इथे. तो कळला म्हणून भावगीत कमी आवडू लागत नाही, पण ठुमरी शोधायला कुठं जायचं ते कळतं.

दीड मिनिटात ब्लूज मावत नाही

इथं जरा थांबतो, कारण सगळी गुरुकिल्ली इथंच आहे.

ब्लूजची सर्वांत रूढ चौकट बारा बारची. बार म्हणजे पाश्चात्त्य तालाचा एक छोटा खण. एका बारमध्ये चार मात्रा धरल्या तर बारा बारच्या 48 मात्रा होतात, म्हणजे तीनतालाची तीन आवर्तनं. प्रत्येक आवर्तनाला एक ओळ. पहिली ओळ म्हणायची, तीच दुसऱ्यांदा म्हणायची, तिसऱ्या ओळीत तिचा उलगडा करायचा. आणि महत्त्वाचं म्हणजे गाणारा सोळा मात्रा भरून टाकत नाही. साधारण आठ मात्रांत त्याची ओळ संपते आणि उरलेल्या आठ मात्रा गिटार, हार्मोनिका (तोंडाचा बाजा) किंवा पियानो त्याला उत्तर देतो. हा सवालजवाब म्हणजे ब्लूजचा प्राण.

आता हिशेब करा. मिनिटाला 60 मात्रांच्या संथ लयीत एक फेरी 48 सेकंदांची होते. टीव्हीवर स्पर्धकाच्या वाट्याला येतात साधारण दीड-दोन मिनिटं. त्यातच सुरुवात करायची, शेवटची उंच जागा घ्यायची आणि टाळ्यांसाठी लांबवलेला सूर लावायचा. म्हणजे धड दोन फेऱ्याही मावत नाहीत. मग कात्री कशाला लागते? उत्तराच्या त्या आठ मात्रांना. स्पर्धक गाण्यासाठी आलेला, त्याला गप्प उभं राहायला कोण सांगणार? म्हणून क्लिपमध्ये आपण नुसते सवाल ऐकतो. ब्लूज कंटाळवाणा वाटण्याचं हे पहिलं कारण.

यावर माझा उपाय एकच, आणि तो तीन मिनिटांचा आहे. गायिका बेसी स्मिथचं 14 जानेवारी 1925 रोजी ध्वनिमुद्रित झालेलं ‘सेंट लुइस ब्लूज’ लावा. डब्ल्यू. सी. हँडीची 1914 ची रचना. ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन येण्याआधीची, भोंग्यासमोर उभं राहून केलेली ही ध्वनिमुद्रिका आहे, त्यामुळे खरखर आहे. ती दोन मिनिटांत विसरायला होते. बेसी म्हणते, मावळतीचा सूर्य मला पाहवत नाही. ओळ संपते आणि त्या रिकाम्या जागेत तेवीस वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग कॉर्नेटवर (ट्रंपेटसारखं वाद्य) तिला उत्तर देतो. ती पुन्हा तेच म्हणते, तो वेगळं काही सांगतो. दोघांच्या खाली संथपणे सूर धरून बसलेलं तिसरं वाद्य कोणतं, माहीत आहे? हार्मोनियम. फ्रेड लाँगशॉ वाजवतोय. आपल्या पेटीच्याच कुळातलं वाद्य.

हे कळलं तेव्हा मी मामांची जुनी पेटी काढून बसलो. बेसी जो गंधार लावते तो पेटीवर शोधायला लागलो. कोमल गंधाराची पट्टी दाबली की तिचा सूर किंचित वर राहतो, शुद्ध गंधाराची दाबली की किंचित खाली. तो दोन पट्ट्यांच्या मधे आहे, आणि एका जागी थांबतही नाही, खालून वर सरकत असतो. यालाच ब्लू नोट म्हणतात. पियानोवाले म्हणूनच कोमल गंधाराला नुसता स्पर्श करून शुद्धवर घसरतात. मधली जागा त्यांच्याकडे नाही, तर निदान तिचा भास तरी द्यायचा. मींड आणि श्रुती ऐकत वाढलेल्या मराठी कानाला ही जागा पटकन सापडते. ती एकदा सापडली की टीव्हीवरच्या कोणत्या गळ्यात ती आहे आणि कोणता गळा नुसता जोर लावतोय, हे सांगायला परीक्षक लागत नाही.

निकालावरून कलाकार मोजू नका

टेलर हिक्सचंच उदाहरण घ्या. अलाबामाचा, अकाली पिकलेल्या केसांचा, हार्मोनिका वाजवणारा गडी. 2006 मध्ये ‘अमेरिकन आयडॉल’ जिंकला, अंतिम फेरीत 6 कोटींहून जास्त मतं पडली होती. विजेता म्हणून त्याचं पहिलं गाणं आलं आणि ते थेट बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. ते ऐका. सरळ पॉप धाटणीचं, अभिमानाचं वगैरे गाणं. दारूच्या बारमध्ये हार्मोनिका फुंकणारा माणूस त्यात कुठं सापडत नाही. त्या एका गाण्यावरून त्याला मोडीत काढणारे खूप भेटतात. त्याचे बँडबरोबरचे कार्यक्रम ऐकले असते तर त्यांनी तसं केलं नसतं.

उलट बाजूला क्रिस्टल बोवरसॉक्स. 2010 मध्ये त्याच स्पर्धेत दुसरी आली. त्या कार्यक्रमात वाद्य घेऊन गायची मुभा 2008 च्या सातव्या सीझनपासून मिळाली होती, आणि तिच्या हातातली गिटार ऐकल्यावर कळतं की आधीच्या सहा वर्षांत ब्लूजच्या अंगानं गाणाऱ्यांना अर्ध्या शरीरानिशी उभं केलं जात होतं. ब्लूजमध्ये वाद्य हा दुसरा गळा आहे. म्हणून 2016 च्या ‘द व्हॉइस’मधला लेथ अल-सादी माझ्या यादीत फार वर आहे. मिशिगनमधल्या ॲन आर्बरचा, वर्षानुवर्षं वाजवत आलेला गिटारवादक. चौथा आला. त्याच्या क्लिप बघताना चेहऱ्याकडे बघू नका, डावा हात बघा. तार कशी ओढतो, आणि ओढलेला सूर कुठं नेऊन सोडतो.

पण एकच नाव सांगायचं झालं तर बेथ हार्ट. लॉस एंजेलिसची ही मुलगी 1993 मध्ये ‘स्टार सर्च’ या स्पर्धेत गायिकांच्या गटात जिंकली. ते दृश्य पाहिलं तर ही पुढे ब्लूजची एवढी मोठी गायिका होईल असं वाटणार नाही. मधल्या वर्षांत व्यसनं, आजारपण, सगळं झालं. ती ते स्वतः उघडपणे सांगते. 2011 मध्ये गिटारवादक जो बोनामासाबरोबर तिचा ‘डोन्ट एक्सप्लेन’ हा अल्बम आला. आणि डिसेंबर 2012 मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरच्या सन्मान सोहळ्यात, ज्येष्ठ ब्लूज गिटारवादक बडी गाय याच्या गौरवासाठी, जेफ बेकच्या गिटारसोबत तिनं ‘आय’ड रादर गो ब्लाइंड’ म्हटलं. मूळ गाणं एटा जेम्सचं, 1967 मध्ये अलाबामातल्या मसल शोल्सला ध्वनिमुद्रित झालेलं; एटा 2012 च्याच जानेवारीत गेली होती. वर सज्जात राष्ट्राध्यक्ष ओबामा आणि खुद्द बडी गाय बसलेले.

हे गाणं बारा बारचं नाहीच, अवघे दोन कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरांचे गट) आलटूनपालटून येतात. म्हणजे आधार जवळजवळ काहीच नाही. बेथ सुरुवातीला फार थोडं गाते, जवळजवळ बोलल्यासारखं. मग बेकची गिटार तिच्याशी बोलायला लागते, आणि ती त्याला बोलू देते. मी ही क्लिप किती वेळा पाहिली असेल त्याची गणती नाही; दर वेळी त्या थांबण्यापाशी अंगावर काटा येतो. 1993 पासून तिथवर यायला तिला एकोणीस वर्षं लागली. म्हणून एखादा स्पर्धक आवडला तर त्याची स्पर्धेतली क्लिप पुन्हापुन्हा बघण्याऐवजी दहा वर्षांनंतरचा त्याचा अख्खा कार्यक्रम शोधा.

स्पर्धा म्हणजे बाजार, असंही म्हणू नका

काही जाणकार टीव्हीच्या नुसत्या नावानं नाक मुरडतात. स्पर्धा आणि हे संगीत यांचं नातं टीव्हीपेक्षा जुनं आहे. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या अपोलो थिएटरच्या हौशी कलाकारांच्या रात्रीत 1934 मध्ये एला फिट्झजेराल्ड जिंकली. मेम्फिसच्या बील स्ट्रीटवर पॅलेस थिएटरमध्ये गायक रूफस थॉमस अशाच रात्री चालवायचा आणि पुढे ब्लूजचा मोठा गायक-गिटारवादक झालेला तरुण बी. बी. किंग तिथं हजेरी लावायचा. आजही मेम्फिसमध्ये ब्लूज फाउंडेशनची ‘इंटरनॅशनल ब्लूज चॅलेंज’ भरते. तिथं टीव्हीचे कॅमेरे नाहीत, बील स्ट्रीटवरचे क्लब आहेत. शिलाँगचा ‘सोलमेट’ हा बँड 2007 मध्ये तिथं गाऊन आला. त्यांची गायिका टिप्रिती खरबांगर हिचा आवाज ऐकला नसेल तर आजच ऐका. मुंबईकरांना तर लांब जायलाच नको. 2011 पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल होत आला आहे आणि पहिल्याच वर्षी बडी गाय येऊन गेला.

स्वतः गाणार असाल तर

घरी ट्रॅक लावून गाणारी बरीच मुलं-मुली मला रेकॉर्डिंग पाठवतात. त्यांत तीन गोष्टी हमखास बिघडलेल्या असतात.

आवाज मुद्दाम घोगरा करू नका. घसा आवळून काढलेला घोगरेपणा दोन गाण्यांत दुखायला लागतो आणि सवय लागली तर आवाजाला कायमची इजा होऊ शकते. गाण्याआधी ओळ नुसती बोला, शेजारणीला सांगितल्यासारखी. जिथं बोलताना आवाज आपोआप खाली पडतो, तिथं गातानाही पडू द्या.

लय सपाट करू नका. ब्लूजची शफल म्हणजे एका मात्रेचे तीन भाग, पहिले दोन जोडलेले आणि तिसरा सुटा, लांब-आखूड, लांब-आखूड. टाळी देताना दोन आणि चार या मात्रांवर द्या. आपला हात सवयीनं समेवर पडतो आणि मग गाणं लष्करी संचलनासारखं चालायला लागतं.

आणि प्रत्येक शब्दावर हरकत घेऊ नका. आपल्या स्पर्धांनी आपल्याला जागा ‘घ्यायला’ शिकवलं, इथं ती सोडायची असते. बी. बी. किंग गाताना गिटार वाजवत नसे आणि गिटार वाजवताना गात नसे. त्याचं 1969 चं ‘द थ्रिल इज गॉन’ घ्या (मूळचं रॉय हॉकिन्सचं, 1951 चं) आणि तो कुठं कुठं गप्प बसतो ते कागदावर टिपून काढा. ट्रॅकमध्ये उत्तराची जागा नसेल तर तो ट्रॅक टाकून द्या, गिटारवाला मित्र शोधा.

क्लिपला गाण्याची सुरुवात समजू नका

2018 च्या ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट’मध्ये इंग्लंडची तेरा वर्षांची कोर्टनी हॅडविन आली. मंचावर बुजलेली, धड बोलताही येत नव्हतं, आणि गायला लागल्यावर ओटिस रेडिंगचं ‘हार्ड टू हँडल’ तिनं अक्षरशः अंगात आल्यासारखं म्हटलं. परीक्षक हॉवी मँडेलला साठच्या दशकातली रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन आठवली आणि त्यानं स्पर्धकाला थेट पुढे पाठवणारा गोल्डन बझर दाबला. बहुतेक जण जॅनिसचं नाव ऐकून तिथंच थांबतात.

थांबू नका. जॅनिसनं 1967 मध्ये माँटेरीच्या संगीत महोत्सवात ज्या ‘बॉल अँड चेन’नं लोकांना हलवून सोडलं, ते ब्लूज गायिका बिग मामा थॉर्नटनचं. एल्विसनं 1956 मध्ये गाजवलेलं ‘हाउंड डॉग’ही आधी थॉर्नटनबाईंनीच 1952 मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं. आणि जॅनिस स्वतः ज्यांना मानायची त्यांत बेसी स्मिथ होती. बेसी 1937 मध्ये मोटार अपघातात गेली. पेनसिल्व्हेनियातल्या तिच्या कबरीवर तेहेतीस वर्षं साधा दगड नव्हता. ऑगस्ट 1970 मध्ये तो बसवला गेला आणि त्याच्या खर्चाचा वाटा जॅनिसनं उचलला. ऑक्टोबरमध्ये जॅनिसही गेली, सत्तावीस वर्षांची.

तेव्हा कोर्टनीची क्लिप आवडली असेल तर याच क्रमानं मागे जा: जॅनिस, मग थॉर्नटन, मग बेसी. एका संध्याकाळी एकच, घाई नको. आणि बेसीचं 1925 चं ‘सेंट लुइस ब्लूज’ लावाल तेव्हा आधी पेटीचा सूर कानांनी धरून ठेवा, मग तिचा गंधार त्याच्यापासून कुठं सुटतो ते ऐका.