द्रुतगती मार्गावरील कडेची पट्टी कशासाठी?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर डाव्या कडेची पट्टी ही बंद पडलेल्या वाहनांसाठी आणि रुग्णवाहिका, क्रेन, पोलिस यांच्यासाठी राखलेली असते; कोंडीत पुढे घुसण्यासाठी, फोनवर बोलण्यासाठी किंवा घाटातला धबधबा पाहण्यासाठी नव्हे. गाडीत बिघाड जाणवताच हझार्ड दिवे (चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणारे) लावून, वेग हळूहळू कमी करत डावीकडे यावे आणि शक्य तितके कठड्यालगत थांबावे. त्यानंतर सर्वांनी डाव्या दारातून उतरून लोखंडी कठड्यापलीकडे, गाडीपासून थोडे मागे उभे राहावे, कारण मागून धडक बसल्यास गाडी पुढे ढकलली जाते आणि आत बसलेली माणसे सर्वाधिक धोक्यात असतात. परावर्तक त्रिकोण किमान ५० मीटर मागे ठेवावा. मात्र त्यासाठी रहदारीच्या बाजूने चालत जावे लागणार असेल, तर तो मोह सोडावा. रात्री पट्टीवरच टायर बदलण्याचे धाडस तर करूच नये. ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करताना जवळच्या किलोमीटर दगडावरचा आकडा आणि प्रवासाची दिशा सांगावी. पुन्हा निघताना आधी पट्टीवरच पुरेसा वेग घेऊन, मोकळी जागा मिळाल्यावरच मार्गिकेत यावे.