कॉकल क्रीक ते साउथ केप बे: एका दिवसात जाऊन यायचं असेल तर

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या टास्मानिया बेटावर, होबार्टला आमच्याकडे येणारे पाहुणे दोन प्रकारचे. पहिले माउंट वेलिंग्टनवर गाडीने जाऊन, वाऱ्यात फोटो काढून खूश होणारे. दुसरे पुण्या-नाशकाचे ट्रेकर. त्यांना काहीतरी चालल्याशिवाय सुट्टी गोड लागत नाही. या दुसऱ्यांना मी साउथ केप बेला पाठवते, जमलं तर सोबत जाते. आणि आदल्या रात्री जेवताना हमखास ऐकते, "जाऊन-येऊन पंधरा किलोमीटर, त्यात चढ नाही? मग सोपंच की!"

पायांना सोपं आहे, हे मान्य. चोर दरवाजाने राजगड चढलेल्या माणसाला या वाटेवर धाप लागणार नाही. इथे कस लागतो तो घड्याळ पाळण्याचा आणि हवा ओळखण्याचा. सह्याद्रीत सवय झालेली असते की अडलंच तर खाली वाडी आहे, कुणीतरी मामा भेटतील, ताक मिळेल. इथे गाडी सोडल्यापासून परत गाडीत बसेपर्यंत जे पाठीवर आहे तेवढंच.

आधी जागा समजून घ्या. ऑस्ट्रेलियात गाडीने दक्षिणेला जाता येईल तेवढं गेलात की रस्ता कॉकल क्रीकला संपतो. तिथून ७.७ किलोमीटर चाललं की साउथ केप बेचा किनारा, येऊन-जाऊन १५.४ किलोमीटर. साधारण चार तासांची चाल धरतात. आमच्या मराठी कुटुंबांचा वेग, फोटो, डबा आणि "जरा बसू या" हे सगळं धरून मी सहा तास सांगते. हीच वाट पुढे साउथ कोस्ट ट्रॅक म्हणून ८५ किलोमीटर पश्चिमेला मेलालुकापर्यंत जाते. तिथे रस्ताच नाही, म्हणून बरेच जण छोट्या विमानाने मेलालुकाला उतरतात आणि आठवडाभर चालत इकडे कॉकल क्रीकला बाहेर पडतात. वाटेत चिखलाने माखलेलं, मोठी सॅक घेतलेलं कुणी भेटलं तर बाजूला होऊन त्यांना आधी जाऊ द्या. त्यांना थांबवून चौकशा करण्याचा मोह आवरा. त्यांच्या डोक्यात तेव्हा फक्त गरम जेवण असतं.

होबार्टहून सव्वादोन तास हातात ठेवा. ह्यूऑनव्हिल, जीव्हस्टन, डोव्हर, साउथपोर्टचा फाटा, मग ल्यून रिव्हर, असा रस्ता. डांबर शेवटी संपतं आणि खडीचा रस्ता लागतो. साधी गाडी चालते, पण हळू चालवावी लागते, आणि भाड्याची गाडी असेल तर कच्च्या रस्त्यावर विमा लागू आहे का ते आधी वाचा. पेट्रोल डोव्हरला भरून घ्या. फोनची रेंज पुढे जाते ती जातेच, म्हणून नकाशा होबार्टमध्येच डाउनलोड करा आणि घरी कुणाला तरी सांगून ठेवा: अमुक वाजेपर्यंत माझा फोन आला नाही तर पोलिसांना कळव. हे 'अमुक वाजता' नेमकं सांगा. "संध्याकाळपर्यंत" या आपल्या लाडक्या वेळेचा इथे उपयोग नाही.

मेलबर्न-सिडनीहून विमानाने येणाऱ्यांसाठी एक गोष्ट. डब्यासाठी म्हणून सफरचंदं, केळी, काकडी, कढीपत्त्याची जुडी असलं काही आणू नका. टास्मानियात बाहेरची ताजी फळं-भाज्या आणायला बंदी आहे, आणि विमानतळावर ती हुंगणारी कुत्री आपल्यापेक्षा हुशार असतात. सफरचंदं ह्यूऑन खोऱ्यातच घ्या. हंगामात रस्त्याकडेला टपरीवर पिशव्या मांडलेल्या असतात, शेजारी पैशांचा डबा, आणि माणूस कुणी नाही. सुटे पैसे जवळ ठेवा.

निघायची वेळ ऋतूवर. डिसेंबर-जानेवारीत उजेड पावणेनऊपर्यंत असतो, तेव्हा होबार्टहून आठला निघालात तरी चालेल. जूनमध्ये सूर्य पावणेपाचलाच मावळतो आणि उगवतो पावणेआठच्या सुमारास. त्या दिवसांत अंधारातच घर सोडा, नाहीतर आदल्या रात्री डोव्हरच्या आसपास मुक्काम करा. ऋतू कुठलाही असो, परत फिरायची वेळ गाडीपाशीच ठरवा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने बोला. समजा दीड वाजता परत फिरायचं ठरलं, तर दीडला किनारा दिसत असो वा नसो, तोंड फिरवायचं. "आता आलोच आहोत तर" हे वाक्य त्या दिवसापुरतं बंद.

अंगावर काय घालायचं, यावर आमच्या घरी सर्वांत जास्त वाद होतात. जीन्स नको. सुती टी-शर्टही आतून नको; भिजला की अंगाला चिकटून बसतो आणि वारा आला की दात वाजतात. मुंबईच्या पावसात भिजणं वेगळं, तिथे घरी येऊन चहा प्यायला की झालं. इथे दक्षिण महासागरावरून येणारा नैर्ऋत्येचा वारा जानेवारीतही अचानक थंडी घेऊन येतो, आणि भिजलेला माणूस वाऱ्यात फार लवकर गारठतो. आत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, वर फ्लीस, सर्वांत वर खरंच पाणी न शिरणारं जाकीट. टोपी दोन: एक उन्हाची, एक कानावर ओढायची. ढग असले तरी सनस्क्रीन लावा, इथलं ऊन त्वचा भाजतं. छत्री अजिबात नको. माझे सासरे हट्टाने घेऊन आले होते. तिच्या काड्या अजून आमच्या गॅरेजमध्ये आहेत. सासरे मात्र वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी सगळी वाट चालले, तेही आमच्या पुढे.

बूट घोट्यापर्यंतचे, वापरून सैल झालेले. घरून निघताना त्यांच्या तळाची माती ब्रशने पूर्ण काढा. ही स्वच्छतेची हौस नाही. फायटोप्थोरा नावाचा एक रोगकारक जीव मातीतून पसरतो आणि झाडांची मुळं कुजवतो. बँक्सियासारखी इथली झुडपं त्याला लगेच बळी पडतात, आणि एकदा जमिनीत शिरला की काढता येत नाही. बूट धुवायची सोय जिथे दिसेल तिथे वापरा.

डब्याला दशम्या सर्वोत्तम, दुसऱ्या क्रमांकावर धपाटे. शेंगदाण्याची चटणी तेलात कालवूनच न्या. कोरडी नेलीत तर किनाऱ्यावर डबा उघडताक्षणी ती शेजाऱ्याच्या डोळ्यांत जाईल. गूळ-दाणे खिशात, चहा थर्मासमध्ये, पाणी माणशी दोन लिटर. ओढ्यांचं पाणी चहासारखं तपकिरी दिसतं; तो वनस्पतींचा रंग आहे, घाण नव्हे, पण उकळल्याशिवाय पिऊ नका. लाकडं पेटवून मॅगी वगैरे करायचा बेत असेल तर सोडून द्या, ही वाट ज्यात आहे त्या साउथवेस्ट नॅशनल पार्कमध्ये शेकोटीला बंदी आहे. कचरा सगळा परत, संत्र्याची सालंसुद्धा. टॉयलेट कॉकल क्रीकला आहे, तिथे जाऊन घ्या, कागद आपला न्या.

या उद्यानाचा प्रवेश पास ऑनलाइन घेऊन ठेवा. वाटेच्या सुरुवातीला नोंदवही असते. नावं, किती जण, कधी परतणार, सगळं नीट वाचता येईल असं लिहा.

आता वाट. सुरुवातीला निलगिरीचं उंच जंगल, खाली नेचे आणि ओली पानं. इथे मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण सर्दीला ज्याचं तेल हुंगतो आणि जे उटीच्या डोंगरांवर लावलेलं आहे, त्या निलगिरीच्या जातीचा नमुना लाबिलार्दिएर या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९२ साली इथल्याच रेशेर्श बेमध्ये गोळा केला आणि त्यावरून तिचं शास्त्रीय वर्णन केलं. हरवलेल्या ला पेरूज या फ्रेंच दर्यावर्दीला शोधायला दॉंत्रकास्तो हा दुसरा फ्रेंच दर्यावर्दी दोन जहाजं घेऊन आला होता, त्या मोहिमेत लाबिलार्दिएर होता. कॉकल क्रीक याच उपसागरावर आहे. १७९३ मध्ये ते लोक पुन्हा आले, तेव्हा इथल्या मूळ रहिवाशांशी त्यांची भेट झाली आणि ती मैत्रीची होती. पुढे १८३०च्या दशकात इथे देवमाशांची शिकार जोरात चालली. आता पाण्याकाठी देवमाशाच्या पिल्लाचं ब्राँझचं शिल्प आहे. परतल्यावर वेळ उरला तरच तिकडे जा.

जंगल संपलं की ब्लोहोल व्हॅली. सपाट, उघडी, बटनग्रास या गवताचे झुबके आणि मधून लांबच लांब लाकडी फळ्यांची वाट. फोटो इथे छान येतात, घसरायलाही इथेच होतं. फळ्या ओल्या असतील तर पाऊल सपाट टाका, काठावर नाही. चिखल लागला तर मधूनच जा. कडेने गेलात की वाट रुंद होते आणि बटनग्रास तुडवलं जातं. उन्हाच्या दिवशी फळ्यांवर साप शेकत पडतात. टास्मानियात सापांच्या तीनच जाती, तिन्ही विषारी. घाबरायचं कारण नाही, थांबा, तो जाईल. चावलाच तर तीनही जातींवर एकच प्रतिविष चालतं, पण ते मिळेपर्यंत माणसाला चालवायचं नाही, जखम धुवायची नाही, चिरायची तर मुळीच नाही. रुंद इलॅस्टिक बँडेज संपूर्ण हाताला किंवा पायाला घट्ट गुंडाळायचं, त्याला आधार देऊन हलू द्यायचं नाही, आणि मदत मागवायची. म्हणून अशी दोन बँडेजेस बॅगेत हवीतच. रेंज नसताना मदत मागवणार कशी, तर पीएलबीने, म्हणजे उपग्रहाला संदेश धाडणाऱ्या छोट्या यंत्राने. भाड्याने मिळतं, घ्या. जॅक जंपर नावाची उड्या मारणारी काळी मुंगी सापापेक्षा जास्त भेटते. तिच्या दंशाची काहींना जीवघेणी ॲलर्जी असते. मधमाशीची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोला. जळवांची काळजी करू नका, आपण पावसाळी ट्रेकवाले आहोत.

पुढे झुडपं दाट होतात, आणि समुद्र दिसायच्या बऱ्याच आधी ऐकू येतो. वाट कड्यावर निघते. खालच्या खडकात कोळशाचे काळे थर दिसतात, डावीकडे लांब साउथ ईस्ट केप, म्हणजे टास्मानियाच्या मुख्य बेटाचं दक्षिण टोक. समोर पाणीच पाणी, थेट अंटार्क्टिकापर्यंत. कड्याच्या काठाशी सेल्फी नको, माती भुसभुशीत असते. तिथून उतरलं की वाळू आणि लायन रॉक नावाचा खडक.

गुहागर-आंजर्ल्याला पाय ओले करायची सवय असलेल्यांना कळकळीने सांगते: इथे पाण्यात उतरू नका. घोटाभर पाण्यातसुद्धा नाही. जीवरक्षक नाही, ओढ प्रचंड, आणि मधूनच एखादी लाट बाकीच्यांच्या दुप्पट वर येते. समुद्राकडे पाठ करून बसू नका, मुलांचा हात सोडू नका. उन्हाळ्यात हुडेड प्लोव्हर हे छोटे पक्षी भरतीच्या रेषेच्या वर कोरड्या वाळूत अंडी घालतात, म्हणून चालताना ओल्या वाळूवरून चाला. डबा वाऱ्याच्या आडोशाला, लाटांपासून लांब खा, अर्धा-पाऊण तास बसा. आमच्यातल्या बहुतेकांची बडबड इथे आपोआप थांबते. वारा इतका असतो की बोललेलं ऐकूच येत नाही.

परतीची वाट तीच. दमलेल्या पायांनी लोक घसरतात ते परत येताना, फळ्यांवरच. गाडीपाशी आल्यावर वहीत परतल्याची नोंद करा, मोज्यांत जळवा बघा, बुटांची माती तिथेच काढा. मग गाडी काढा, पण तिन्हीसांजेनंतर ताशी पन्नासच्या वर जाऊ नका. पॅडीमेलन (छोट्या कांगारूसारखा प्राणी) आणि बुटका, जाडजूड वॉम्बॅट त्याच वेळी रस्त्यावर येतात, आणि वॉम्बॅट हा चार पायांचा दगड आहे. गाडी त्याच्यावर आपटली तर टो-ट्रक बोलवायलाही रेंज नसते. रेंज आली की आधी घरी फोन.