टो बार जाम झाल्यावर ठोकत बसू नका, आधीच हे करून ठेवा

नागपुरात आजकाल थार, बोलेरो, स्कॉर्पिओ, हायलक्स अशा गाड्यांना मागं काढता-घालता येणारा टो बार, म्हणजे ट्रेलर ओढायचा दांडा, लावून घेणारे बरेच दिसून राहिले, कोणी काटोल-कळमेश्वरकडून संत्र्याचे क्रेट ट्रेलरवर आणते, कोणी बाईक टाकून नेते. बसवताना सगळे सगळं विचारतात, वजन किती ओढेल, वायरिंग कुठून जाईल, पण एकदा बार घातला की घातलाच, मग तो गाडीलाच राहते. आणि ज्या दिवशी काढायचा त्या दिवशी हलत नाही.

हे होते कसं ते आधी समजून घ्या. आपल्याकडे जास्त चालणारा प्रकार म्हणजे गाडीच्या खाली चौकोनी पाईप, म्हणजे रिसीव्हर, आतून 2 इंच, त्यात बॉलवाला बार सरकवायचा (या गोल बॉलवरच ट्रेलर अडकवतात) आणि आडवी पिन टाकून काटा पिन लावायची. दोघांमधली फट अगदी बारीक असते. बारवरचा पावडर कोट सरकवताना घासून निघतो, उघडं लोखंड पडते, तिथं पाणी बसलं की गंज, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून ती फट गंजानंच भरून जाते. वरून आपली काळी माती. ती एकदा आत गेली की ओल धरून ठेवते, वरचा रस्ता वाळला तरी पाईपच्या आत ओलंच राहते.

आता संत्र्याचंच बघा, आंबिया बहाराचा माल ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृगाचा फेब्रुवारी-मार्च. म्हणजे एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत बार रिकामाच लटकलेला असते, आणि जून ते सप्टेंबर तर पाऊसच. बार वापरून खराब होत नाही भाऊ, न वापरता लावून ठेवल्यानं जाम होते. म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ट्रेलर सोडला की बार काढा, पुसा, घरात ठेवा आणि रिसीव्हरच्या तोंडाला रबरी किंवा प्लास्टिकचं झाकण लावा. नंबर प्लेटसमोर बॉल येत नाही, मागचा सेन्सर विनाकारण वाजत नाही, आणि पार्किंगमध्ये कोणाच्या नडगीला लागत नाही. काढणं जमतच नसेल तर निदान महिन्यातून एकदा तरी पूर्ण बाहेर काढून परत घाला.

साफसफाई पावसाळ्याआधी, मे संपता संपता, एकदा नीट करायची. बार काढा आणि आतल्या टोकाची खालची बाजू बघा, जिथं सगळा भार टेकते. तिथं कोटिंगचे पापुद्रे सुटलेले दिसतील, नख घासलं तर तपकिरी भुकटी निघेल. तेवढी जागा वायर ब्रशनं आणि 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं चकचकीत करा, मग घासलेटात भिजवलेल्या फडक्यानं पुसा. रिसीव्हरच्या आतही ब्रश फिरवा, पिनची भोकं विसरू नका, पिन बहुतेक वेळा तिथंच अडकते. पूर्ण वाळू द्या. घासलेल्या जागेवर रंग मात्र मारू नका, रंगाचा थरच फट खातो, रंग फक्त बाहेरून दिसणाऱ्या भागाला.

मग लावायचं काय? माझ्या मते अँटी-सीझ पेस्ट सगळ्यात बरी, ती पाण्यानं लवकर धुऊन जात नाही. इतवारीत हार्डवेअर किंवा बेअरिंगच्या दुकानात विचारा, नाही मिळाली तर साधं मल्टीपर्पज ग्रीस चालते, पण बोटानं पातळ थर, थापायचं नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं धूळ किती असते, जाड ग्रीसवर ती बसली की तयार होते घासणारी लगदी, मग ग्रीस लावून उलट नुकसान. डब्ल्यूडी-40 मारून निवांत होऊ नका, ते ओल काढायला आणि अडकलेलं सोडवायला ठीक, महिनोन्‌महिने टिकत नाही.

खडखड आवाज येते म्हणून काही जण मधल्या फटीत कापडाचे किंवा ट्यूबचे तुकडे कोंबतात. तसं करू नका, ते पाणी धरून ठेवतात. बाहेरून आवळायचा क्लॅम्प मिळते, तो लावा.

हंसाच्या मानेसारखा वाकलेला, चावी आणि फिरकीवाला बार असेल तर त्याचं वेगळं. त्याच्या आत छोटे गोळे आणि स्प्रिंग असतात, तिथं जाड ग्रीस भरायचं नाही, पुसून कंपनीच्या पुस्तकात सांगितलं तेवढंच हलकं तेल, आणि चावीच्या भोकात ग्रॅफाइट पावडर. मेकॅनिझम स्वतः खोलू नका. वॉशिंगवाल्यालाही सांगून ठेवा की प्रेशरचं पाणी थेट तिथं मारू नको.

आधीच जाम झालेला असेल तर घाई नको. पिन काढा, चारही बाजूंनी आणि पिनच्या भोकातून पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी रिसीव्हरच्या बाजूंवर हातोडीनं टकटक करा, जोरात नाही, नुसती कंपनं जायला पाहिजे, मग बॉलवर लांब पाईप चढवून वर-खाली, डावं-उजवं हलवा, परत तेल, परत हलवा. एक दिवस, दोन दिवस लागू द्या. गॅस कटिंगवाल्याची आग तिथं लावू देऊ नका, टाकी, वायरिंग, बंपर सगळं जवळ असते. आणि बॉलला दोर किंवा साखळी बांधून दुसऱ्या गाडीनं झटका तर कधीच द्यायचा नाही, बॉल तुटून उडाला तर माणूस जाते.

बॉलचंही बघत चला. 50 मिमीचा बॉल असेल तर व्हर्नियरनं दोन-तीन दिशांनी मोजा, 49 च्या खाली गेला की बदला. साध्या कपलरला, म्हणजे ट्रेलरचा जो भाग बॉलवर बसते त्याला, बॉलवर थोडं ग्रीस चालते, पण ट्रेलरचं डोलणं थांबवणारा घर्षणवाला स्टॅबिलायझर असेल तर बॉल अगदी कोरडा पाहिजे, तेलाचा हातही लागू द्यायचा नाही. काढलेला बार जुन्या कपड्यात गुंडाळून पिन आणि काटा पिनसकट एकाच पिशवीत ठेवा, नाही तं हंगामाच्या पहिल्याच दिवशी पिन शोधत फिरावं लागते.