ट्यूब अँप घुमतोय, ट्यूबा लाल होतायत? नवी जोडी मागवण्याआधी या चुका टाळा

गिटारचा ट्यूब अँप, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा अँप्लिफायर, हमिंग करायला लागला की पहिला संशय ट्यूबांवर जातो. परदेशी बनावटीची महागडी जोडी येते, खिसा रिकामा होतो आणि अँप पुन्हा त्याच सुरात घुमायला लागतो. बऱ्याचदा ट्यूब बिचारी मार खात असते आणि मारणारा सर्किटमध्ये दुसरीकडेच बसलेला असतो.

हमिंग न ऐकताच दुरुस्तीला बसणं

आधी गिटारची पिन अँपमधून काढा. आवाज गेला तर दोष अँपचा नाही. गिटारवरचा सिंगल कॉइल पिकअप किंवा शील्ड (तारेभोवतीची जाळी) तुटलेली केबल तो पकडतेय, नाहीतर डोक्यावरच्या दिव्यांचा डिमर तो सोडतोय. आवाज राहिला तर व्हॉल्यूम शून्यावर आणा. हमिंग घटलं तर प्रीअँपकडे (सुरुवातीच्या छोट्या ट्यूबांच्या भागाकडे) बघा, तसंच राहिलं तर स्पीकर चालवणाऱ्या पॉवर सेक्शनकडे.

आता सूर ओळखा. आपली वीज ५० हर्ट्झची. हीटरमधून (ट्यूब तापवणाऱ्या आतल्या तारेतून) किंवा अर्थिंगच्या घोळातून येणारं हमिंग सहसा ५० चं असतं, तर वीज सपाट करणारे फिल्टर कपॅसिटर दमले की १०० चं, कारण एसीची डीसी करणारा रेक्टिफायर प्रत्येक आवर्तनाचे दोन उंचवटे करतो. केबल न लावता गिटारची सगळ्यात जाड तार तिसऱ्या फ्रेटला छेडा. तो जी म्हणजे ९८ हर्ट्झ. हमिंग त्याच्या अगदी जवळ, जरासं चढं लागलं तर कपॅसिटर. एक सप्तक खाली असेल तर हीटर नाहीतर अर्थिंग. पॉवर ट्यूबांची जोडी जुळलेली नसली तरी १०० चं हमिंग येतं, कारण पुश-पुलमध्ये (दोन ट्यूबा आलटून पालटून काम करतात त्या रचनेत) दोन्ही बाजूंचं रिपल, म्हणजे विजेत उरलेली थरथर, एकमेकांना मारतं, ते मग नीट मरत नाही.

अर्थची पिन तोडणं

ही चूक जिवावर बेतते. गणपतीच्या मांडवात मिक्सर एका बोर्डावर, अँप दुसऱ्या एक्स्टेंशनवर, आणि दोन्ही केबलने जोडलेले. दोन वाटांनी अर्थ जोडला गेला, झाला ग्राउंड लूप. मग कुणीतरी शहाणा अँपच्या प्लगची अर्थ पिन काढतो, हमिंग थांबतं, सगळे खूश. पण आत एक वायर चेसिसला टेकली की गिटारच्या तारांत २३० व्होल्ट, आणि वाजवणाऱ्याचे ओठ अर्थ असलेल्या माइकला. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या. तरीही घुमलं तर मधे डीआय बॉक्स (अँप आणि मिक्सरमधला सिग्नल जोडणारी छोटी डबी) टाकून त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. मेन्सच्या अर्थला हात लावायचा नाही.

निळं बघून घाबरणं, लाल बघून वाजवत राहणं

काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक असते, ती बिनधोक. हीटरची नारिंगी तारही तशीच हवी. पण आतली करडी प्लेट स्वतःच लाल दिसली तर गाणं अर्धं सोडून अँप बंद करा.

पूर्ण थंड झाल्यावर दोन पॉवर ट्यूबांच्या जागा बदला, चालू करून लक्ष ठेवा आणि लाली दिसताच बंद करा. लाली ट्यूबबरोबर गेली तर ट्यूब खराब. त्याच सॉकेटवर राहिली तर आधीच्या टप्प्यातून सिग्नल आणणारा तिथला कपलिंग कपॅसिटर गळतोय किंवा सॉकेटची पकड ढिली आहे. दोन्ही लाल असतील तर निगेटिव्ह बायस, म्हणजे ट्यूबांचा प्रवाह आवरणारं ऋण व्होल्टेज, गेलाय. तिथला छोटा कपॅसिटर सुकला की ट्यूबांचा लगाम सुटतो, आणि वर हमिंगही येतं. अशा वेळी नवी जोडी टाकलीत तर तीही जळणार.

नवी जोडी टाकून बायस न लावणं हाही त्यातलाच प्रकार. ईएल३४ या पॉवर ट्यूबची प्लेट २५ वॅट झेलते. क्लास एबी पद्धतीच्या अँपमध्ये त्याच्या ७० टक्के धरले की १७.५ वॅट. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर प्रत्येक ट्यूबला साधारण ३९ मिलिअँपिअर. कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर असेल तर मीटरवर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. व्हॉक्सच्या एसी३० सारख्या कॅथोड बायसच्या (बायस आपोआप लागणाऱ्या) अँपला बायस लावायचा स्क्रू नसतो, तो शोधत बसू नका. त्यातली ईएल८४ ही ट्यूब आपल्याकडे बंगळूरची बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्स) कंपनीसुद्धा बनवायची. रेडिओ दुरुस्त केलेला एखादा जुना मेकॅनिक भेटला तर ही ट्यूब त्याच्या चांगल्या ओळखीची असेल.

मीटर धरणं अंगवळणी पडलं नसेल तर झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्ट दबा धरून असतात.

बाकीचं

अँपच्या मागचा स्विच २२० वर असेल आणि रात्री आजूबाजूची यंत्रं बंद होऊन लाईन २५० ला गेली, तर ६.३ व्होल्टचा हीटर ७.१ च्या पुढे जातो. स्विच २३० किंवा २४० वर घ्या. लाईन सतत चढीच असेल तर उद्यमनगरासारख्या कारखान्यांच्या वसाहतीत ट्रान्सफॉर्मर बांधणाऱ्याकडून व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाऊन करून घ्या.

स्पीकर न जोडता अँप चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळू नका, नाहीतर ‘जाळ अन् धूर संगट’ हे नुसतं बोलण्यापुरतं राहत नाही. मागची बाजू भिंतीला किंवा मांडवाच्या कापडाला टेकवू नका.

पावसाळाभर खोलीत पडून राहिलेला अँप जूनपासूनची दमट हवा खातो, सॉकेटच्या पिनांवर मळ बसतो आणि करकर सुरू होते. अँप बंद आणि थंड असताना कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, ट्यूब सरळ वरखाली करून चारपाच वेळा बसवा, आणि क्लीनर पूर्ण सुकल्यावरच चालू करा.